आपलं नाव कळवलं जाणार नाही

‘मी आले की ते तुझं बंद ठेवत जा,’ विसाल म्हणाली होती. दारात, चपला काढता काढता, एका हाताने भिंतीला धरून. ‘काय बंद ठेवू?’ ‘ते फोनमधलं गं. कोण कुणाजवळ बसलं ते टिपून ठेवतं ते.’ अरीज हसली होती. ते हसणं तिला अजून ऐकू येतं, नाकातून आलेलं, चार पुस्तकं जास्त वाचलेल्या बाईचं. ‘अगं, ते नाव घेत नाही कुणाचं. फोन फोनशी कुजबुजतो, आकडे देतो-घेतो, संपलं. मी सगळं वाचलंय, नियमसुद्धा.’ ‘तू वाचलंयस,’ विसाल म्हणाली, ‘मला इतकंच माहीत आहे की फोन माझा असला तरी लाइन भावाच्या, रअदच्या नावावर आहे. काही वाजलं तर ते त्याच्या कानात वाजणार. आणि माझं मला बंद करता येत नाही. बंद केलं की हिरवा रंग जातो, आणि हिरवं दिसलं नाही की आईला डायलिसिसला नेताना दारावरचा माणूस आत सोडत नाही. म्हणून म्हणते, तू तुझं बंद ठेव. तासभर तर असते मी.’ ‘बरं बरं,’ अरीज म्हणाली आणि बाळ तिच्या हातात दिलं, कारण गॅसवर दूध वर आलं होतं. ते बरं बरं म्हणणं म्हणजे होकार नव्हता. बायका कामाच्या गडबडीत म्हणतात तसं ते होतं, समोरचीचं बोलणं बाजूला सारून वाट मोकळी करण्यासाठी. आणि बंद तिने केलं नाही. विसरली असं ती पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होती. पण विसरली नव्हती. जूद तेव्हा सात महिन्यांची होती, आणि ज्या जगात दाराच्या मुठीलाही घाबरायचं त्या जगात ते एक यंत्र तेवढं तिच्या बाजूने जागं होतं. ते तासाभरासाठी आंधळं करायचं तिच्या जिवावर आलं होतं.

अलीकडेच एक दिवस ती द्राक्षाच्या पानांत तांदूळ भरत बसली होती. पाण्याचा दिवस होता. सगळ्या इमारतीत नळ वाहत होते, वॉशिंग मशिनं धडधडत होती, गच्चीवर टाक्या भरल्याचे आवाज येत होते. पान पालथं ठेवायचं, देठ खुडायचा, चिमूटभर सारण, दोन्ही कडा आत, मग गुंडाळायचं. घट्ट नाही, तांदळाला फुगायला जागा हवी. फ्रिजवर ठेवलेला फोन वाजला. तोच तो आवाज, पाण्यात खडा पडल्यासारखा. कितीतरी दिवसांत वाजला नव्हता. हात खाऱ्या पाण्याने ओले होते, तिने करंगळीने फोनचा पडदा उघडला. ही सेवा आता बंद करण्यात येत आहे. साथीच्या काळात आपण दिलेल्या सहकार्याबद्दल आभार. आपली आणि आपल्या संपर्कातील सर्वांची माहिती कायमची पुसून टाकण्यात आली आहे. तिने पुन्हा वाचलं. कायमची. एखाद्याने हात जोडून नम्रपणे निरोप घ्यावा तशी भाषा होती, आणि तिला वाटलं की कुणीतरी आपल्या घरात शिरून एकुलती एक साक्षीदार बाई उचलून नेली. कारण त्या मंगळवारी विसालच्या फोनजवळ जो फोन होता तो अरीजचा होता, हे त्या यंत्राला ठाऊक होतं. आणखी कुणाला ठाऊक होतं? ज्यांना होतं त्यांना सांगता येत नव्हतं.

विसाल पाण्याच्याच दिवशी यायची, कारण त्या दिवशी कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं. वरच्या मजल्यावर आमेर राहतो, विसालचा पूर्वीचा नवरा, त्याची आई आणि त्यांची सिदरा. आमेर कामावर गेलेला असायचा. म्हातारी धुण्याच्या राड्यात, आणि सात वर्षांची सिदरा तिच्या पायात पायात. ‘जा, खाली जाऊन उम्म जूदच्या बाळाशी खेळ,’ असं म्हातारी जिन्यावरून ओरडायची. उम्म जूद म्हणजे जूदची आई, अरीज. तिला माहीत होतं का? अरीजला नेहमी वाटायचं, होतं. त्या दिवशी मुलीची वेणी नव्याने घातलेली असायची, कपाळावर पाणी लावून केस दाबून बसवलेले, कुणाकडे दाखवायला पाठवावं तसे. विसाल तिला आल्याआल्या जवळ घ्यायची नाही. आधी नखं बघायची. मग कानाच्या मागे. मग म्हणायची, दात दाखव. सगळं जागेवर आहे का, ते तपासून झाल्यावरच तिचे हात सैल पडायचे. अरीज बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत जायची, पण घर केवढंसं. तिला सगळं ऐकू यायचं. ‘शाळेत पडद्यावर शिकवतात तर तू झोपतेस म्हणे?’ ‘आजीने सांगितलं?’ ‘मला सगळं कळतं.’ ‘मग मी काल काय खाल्लं?’ ‘मुलुखियाची पालेभाजी. ओठाच्या कोपऱ्यात अजून हिरवं आहे.’ मग दोघींचं दबलेलं हसणं. आमेरने सांगून ठेवलं होतं, माझ्या नकळत पोरीला भेटलीस तर मी तिला घेऊन भावाकडे कतारला निघून जाईन, मग बघत बस नुसते फोटो. आणि रअद, विसालचा भाऊ, ज्याच्या घरी ती घटस्फोटानंतर राहत होती, त्याने म्हटलं होतं, त्या इमारतीची पायरी चढलीस तर माझ्या घराची उतर. दोन बाजूंनी दोन पुरुषांनी दारं लावली होती, आणि मधे अरीजच्या स्वयंपाकघराएवढी फट राहिली होती. घरी विसाल सांगायची, आईची औषधं आणायला जाते, रांग असते.

त्या मंगळवारी अरीजचा घसा खवखवत होता. बाथरूममध्ये क्लोरीन ओतलं होतं, त्याचा असेल, असं तिने धरलं. धरलं हाच शब्द खरा. कपाळ तापलेलं नव्हतं, तिने दोनदा हात लावून पाहिला होता, म्हणजे शंका आली होती. जिला प्रत्येक भाजी साबणाने धुवायची सवय, जिने सासूला दोन महिने गॅलरीतून नात दाखवली, तिने त्या दिवशी शंका आली तशी परतवली. विसाल निघाली असेल, सिदराची वेणी घालून झाली असेल, आता कुठे नाही म्हणायचं. आणि खरं सांगायचं तर त्या दोघी आल्या की अरीजला चांगलं वाटायचं, आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो असं. ते चांगलं वाटणं तिला सोडायचं नव्हतं. दोन दिवसांनी सकाळी कॉफीत वेलदोडा टाकला आणि वास आला नाही. तिने डबा नाकाशी धरला. मग झातरचा मसाला, मग व्हिनेगर. मग धावत जाऊन झोपलेल्या जूदच्या टाळूला नाक लावलं. तिथे काहीच नव्हतं. ऊब होती, मऊपणा होता, पण तो वास नव्हता ज्याने अंधारातही तिला कळायचं की हे माझं मूल आहे. असं वाटलं की आपण काचेआडून आपल्याच मुलीला हुंगतो आहोत.

तपासणी झाली, उत्तर आलं. मुहन्नदला, तिच्या नवऱ्याला, काहीच झालं नव्हतं, बाळालाही. तो दारात उभा राहून म्हणाला, ‘हे बघ, कुणाला सांगायचं नाही. तुझ्या आईलाही नाही.’ ‘आईला का नाही?’ ‘तुझ्या आईला सांगितलं म्हणजे मशिदीच्या भोंग्यावरून सांगितल्यासारखंच. कनाफ्याचं दुकान आहे आपलं, अरीज. ज्याच्या घरात आजार त्याच्या हातचं गोड कोण खाईल?’ ती आतल्या खोलीत बंद झाली. हातात फोन होता. यंत्राने विचारलं, मागच्या दिवसांत आपल्याजवळ असलेल्यांना सूचना द्यायची का? आपलं नाव कळवलं जाणार नाही. खाली हिरवं बटण. विसालचा नंबर तर अगदी वरती होता, आदल्या दिवशीच बोलणं झालं होतं. अंगठा दोन्हींच्या मधे राहिला. विसालला फोन लावायचा तर काय म्हणायचं? की तू बाळाला मांडीवर घेतलंस तेव्हा माझा घसा दुखत होता, मला माहीत होतं, तुझी आई डायलिसिसवर आहे हेही माहीत होतं? विसाल रागावली नसती. विसाल म्हणाली असती, अल्ला बरं करेल, बाळ कसं आहे. तेच ऐकायचं नव्हतं. बटणाला तोंड नव्हतं. बटण दाबलं तर विसालला कळणार होतं, ती आईपासून दूर राहणार होती, सगळं व्हायचं ते होणार होतं, फक्त अरीज त्यात कुठे दिसणार नव्हती. तिने दाबलं. आणि हलकं वाटलं. एखाद्या गरिबाच्या तोंडाकडे न बघता पेटीत नाणं टाकून पुढे जावं, तसं. त्या क्षणी लाइन कुणाच्या नावावर आहे हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी उम्म सैफचा फोन आला, रअदच्या बायकोचा. ती कधी फोन करायची नाही. ‘कशा आहात उम्म जूद? बाळ बरं आहे?’ ‘अल्लाची कृपा. तुम्ही?’ ‘आम्ही ठीक. एक विचारायचं होतं. राग मानू नका. मंगळवारी विसाल तुमच्याकडे आली होती का?’ ‘का? काय झालं?’ ‘अहो, रअदला फोन आला. आरोग्यवाल्यांकडून, कुणी बाई होती. म्हणाली, ही लाइन वापरणारं माणूस मंगळवारी एका आजाऱ्याजवळ तासभर बसलं होतं. हा म्हणाला, मी कुठे बसलो नाही. ती म्हणाली, मग फोन ज्यांच्याकडे असतो ते. यानं विचारलं, कुणाजवळ? तर म्हणे, नाव सांगता येत नाही. बरं, बाई होती की पुरुष? तर म्हणे, तेही सांगता येत नाही.’ पलीकडे मागे कुठेतरी दार आपटल्याचा आवाज आला. ‘विसाल म्हणते औषधाच्या दुकानात रांग होती. रांगेत कुणी तासभर एकाच माणसाजवळ बसतं का? म्हणून म्हटलं, तुम्हाला विचारावं. तुमच्याकडे आली असेल तर सांगा बाई, मी सांभाळून घेईन.’

तेवढा एक क्षण होता. नंतर अरीजने तो इतका ताणून पाहिला आहे की त्यात अख्खी दुपार मावते. हो म्हटलं तर इमारतीची पायरी आली, पायरीमागून सिदरा आली, सिदरामागून आमेर आणि कतार. मी सांभाळून घेईन म्हणणारी ही बाई काही पोटात ठेवणारी नव्हती. आणि हो म्हटलं तर आजारी कोण, तेही आलंच, मुहन्नद आला, दुकान आलं. ही दोन्ही कारणं डोक्यात एकदमच उभी राहिली, आणि त्यातलं पहिलं कुठलं जिभेपर्यंत पोचलं ते तिला आजवर ठरवता आलेलं नाही. मैत्रिणीसाठी खोटं बोलले, असं म्हणावं तर दुसरं कारण शेजारी उभं राहून बघत असतं. ‘नाही हो,’ ती म्हणाली. ‘ईदनंतर मी तिला पाहिलंच नाही.’ ईदची काही गरज नव्हती. नाही एवढंच पुरलं असतं. पण खोट्यालाही नीटनेटकं दिसायचं असतं. पलीकडे उम्म सैफने श्वास सोडला, आणि तिचा आवाज बदलला, जरासा वाकडा, जवळजवळ दयेचा. ‘बरं. म्हणजे तुमच्याकडे नव्हती. मग कुणाकडे होती, ते तिलाच विचारायला हवं.’

फोन ठेवल्यावर अरीजला समजायला थोडा वेळ लागला. ती बाळाची बाटली धूत होती, ब्रश आत फिरत होता, आणि एकाएकी हात थांबला. नाव सांगता येत नाही. बाई की पुरुष, सांगता येत नाही. तासभर. त्या यंत्राने मोठ्या सभ्यपणाने एक जागा रिकामी ठेवली होती, तिची, अरीजची. आणि त्या रिकाम्या जागेत रअदने एक पुरुष आणून बसवला होता. अरीज त्या खुर्चीवरून स्वतःहून उठली होती, वर खुर्ची पुसूनही दिली होती, ईदनंतर मी तिला पाहिलंच नाही असं म्हणून. नाव कळलं असतं तर विसालची एका भांडणावर सुटका झाली असती. तिने विसालला फोन लावला. वाजला, वाजत राहिला, मग कापला गेला. पुन्हा लावला तर बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उम्म सैफला स्वतः फोन केला. रात्रभर वाक्यं जुळवली होती. ‘काल मी खोटं बोलले. विसाल माझ्याकडे होती. मीच आजारी आहे. त्या इमारतीत यायला तुम्ही मनाई केलीत म्हणून मी लपवलं.’ पलीकडून, ‘उम्म जूद, काल नाही म्हणालात, आज हो म्हणता. तिने सांगितलं का असं बोलायला?’ ‘तिच्याशी माझं बोलणंच झालेलं नाही.’ ‘कसं होईल? फोन रअदकडे आहे.’ ‘मी शपथ घेते.’ ‘नका घेऊ. मैत्रिणीसाठी शपथ घेणाऱ्या बायका मी पुष्कळ बघितल्यात, आणि आजारी असल्याचंही कुणी उगाच सांगेल. तुमच्याजवळ आणखी कुणी होतं का, जो सांगेल? तुमचे यजमान?’ यजमान दुकानात होते. बाळ सात महिन्यांचं होतं. आणि एक सात वर्षांची मुलगी होती, ओठाच्या कोपऱ्यात हिरवं लागलेली, जिला सगळं आठवत होतं. ‘नाही,’ अरीज म्हणाली, ‘कुणी नव्हतं.’ ‘बघा,’ उम्म सैफ म्हणाली. ‘आणि ती आता विलगीकरणात आहे. वरच्या खोलीत. सरकारचा नियम आहे, आम्ही काही वावगं करत नाही.’

नियमाचे दिवस संपले. अरीजला वास परत आला, आधी पेट्रोलचा, मग कांद्याचा, मग एका सकाळी जूदच्या टाळूचा, आणि तेव्हा ती आनंदाऐवजी ओशाळून बाजूला झाली. सगळ्यांची दारं उघडली, विसालचं उघडलं नाही. अरीज मार्का भागात, रअदच्या घरी जाऊन आली. उम्म सैफने दार उघडून तिथेच आडवा हात धरला. ‘अजून तिला बरं नाही.’ ‘काय होतंय?’ ‘बरं नाही, एवढंच.’ ‘आईला डायलिसिसला कोण नेतं?’ ‘रअद नेतो. मुलगा आहे तो त्यांचा.’ वर बघितलं तर गच्चीवरच्या खोलीची खिडकी, लोखंडी झडप ओढलेली. धुणं वाळत होतं, त्यात विसालचं काही आहे का ते अरीज शोधत राहिली. मग तिने आरोग्यवाल्यांच्या कचेरीला फोन केला. मुलगी गोड बोलली. तिने रअदच्या लाइनचा नंबर घेतला, बटणं दाबल्याचा आवाज आला. ‘त्यांचा कालावधी पूर्ण झालाय मॅडम. इथे त्या हिरव्या दिसतात. कुठेही जाऊ शकतात.’ ‘पण त्या कुठे जात नाहीत.’ ‘ते आम्हाला दिसत नाही मॅडम.’ ‘मग मला लिहून द्या, की त्या दिवशी त्यांच्याजवळ होता तो फोन माझा होता.’ ‘तसं देता येत नाही. गोपनीय असतं.’ ‘माझंच नाव आहे. मी स्वतः मागते आहे.’ मुलगी अडखळली. अर्ज करून बघा, म्हणाली. अर्ज करायचा म्हणजे मुहन्नदला सांगणं आलं. मुहन्नद म्हणाला, ‘तू लोकांच्या घरात कागद घेऊन शिरणार? आणि तो भाऊ कागद वाचेल असं वाटतं तुला?’ मग जूदला दात आले, मग ताप, मग दुकान हलवलं. अर्ज करायचा होता. रोज करायचा होता. पोलिसांचाही विचार केला होता, पण त्यांना काय सांगायचं, की एक भाऊ बहिणीला घरात ठेवतो? अख्खं शहर तेव्हा घरात होतं.

निरोप वाचून ती पुन्हा पानं भरत होती, तेवढ्यात दार वाजलं. सिदरा होती. ती अजून येते पाण्याच्या दिवशी, उंच झाली आहे, म्हातारीची दृष्टी गेल्यापासून केस स्वतःच विंचरते, एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. जूद तिच्या पायांना जाऊन चिकटली. सिदराने एक पान उचललं, कडा दुमडल्या, अरीजपेक्षा नीट गुंडाळलं. ‘मावशी,’ ती म्हणाली, पानाकडेच बघत, ‘आईचा आजार अजून गेला नाही का? माझ्या वर्गातल्या सगळ्यांच्या घरचा गेला.’ अरीजने सांगितलं होतं तिला तसं, त्या वेळी, दुसरं काय सांगणार. ‘जाईल,’ ती म्हणाली. ‘तो माझ्यामुळे झाला का? मी त्या दिवशी तिला पापा दिला होता. शाळेत सांगितलं होतं देऊ नका.’ अरीजचे हात पातेल्यावर थांबले. म्हणजे इतके दिवस ही पोर ते घेऊन फिरत होती, आपल्या दप्तरात, आपल्या वाकड्या भांगात. यंत्राने रिकामी ठेवलेली जागा हिनेही भरून काढली होती, स्वतःला तिथे बसवून. ‘नाही,’ अरीज म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज तिला स्वतःचा वाटला. ‘तुझ्यामुळे नाही. आजारी मी होते. मला माहीत होतं, आणि मी कुणाला सांगितलं नाही.’ सिदराने तिच्याकडे पाहिलं. रागावली नाही. नुसती पाहत राहिली, मोठी माणसं हिशेब लागला की पाहतात तशी, मग दुसरं पान उचललं.

तेव्हापासून अरीज विचारत सुटली आहे. लसीच्या रांगेतल्या बाईला, टॅक्सीतून उतरणाऱ्या शिक्षिकेला, दुकानात कनाफा घ्यायला येणाऱ्या बायकांना, मुहन्नदच्या देखत. मार्क्याच्या बाजूला जाणार आहात का? मुहन्नदने एकदा टोकलं, गिऱ्हाईक जाईल म्हणून. ‘जाऊ दे,’ ती म्हणाली. तुम्हालाही ती विचारते आहे. मार्क्यात, विमानतळाच्या भिंतीलगत चढ आहे, तिथे तिमजली घर, गच्चीवर एकच खोली. पुरुषाने जाऊ नये, घरातल्या बाईला पाठवा. फोन करू नका, फोन रअद उचलतो. दार उघडणारी म्हणेल, तिला बरं नाही. तर म्हणा, बरं नाही म्हणूनच भेटायला आले आहे. आजाऱ्याच्या भेटीला आलेल्या बाईला इकडे दारातून परत पाठवत नाहीत. अरीजला पाठवलं, कारण ती आधी खोटं बोलली होती. तुम्ही बोलला नाहीत. कुणी पाठवलं असं विचारलं तर सांगा, अरीज, तौफीक अल-हदीदींची मुलगी, नुझ्हा टेकडीवरची. त्या मंगळवारी आजारी होती ती हीच, असं तिने स्वतः सांगितलं आहे. आणि जिन्याच्या तळाशी उभं राहून वर एकदा विसालला हाक मारा. वरून ओ आली की नाही, तेवढं कळवा.